शिफ्ट इन्चार्ज सिस्टरसाठी: कोणतं काम आधी, आणि कोणतं कोणाकडे

दुपारची शिफ्ट. आधीच्या शिफ्टकडून ओव्हर, म्हणजे वॉर्डाचा ताबा, घेऊन जेमतेम दहा मिनिटं झालीत. अठ्ठावीस खाटांचा वॉर्ड, हाताशी तीन स्टाफ सिस्टर, एक स्टुडंट, एक मावशी आणि एक मामा. तेवढ्यात नर्सिंग स्टेशनवर पाच गोष्टी एकदम येतात.

४ नंबरच्या पेशंटचा मुलगा डिस्चार्जच्या कागदांसाठी काउंटरवर आवाज चढवून बोलतोय. ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) फोन आलाय, पेशंट तयार आहे, घेऊन जा. ११ नंबरला थंडी वाजून ताप भरलाय आणि डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून ठेवलंय. ७ नंबरची बेल वाजतेय, सलाईन संपत आलंय. आणि स्टुडंट हळूच येऊन म्हणते, "सिस्टर, १७ नंबरचे आजोबा सकाळपेक्षा गप्प गप्प वाटतायत. मला मुलगी समजून बोलले."

माझी पावलं आधी १७ नंबरकडे वळतील. का, ते पुढे सांगते. ही पाच कामं मी लेखभर सोबत ठेवणार आहे, कारण कामाचा क्रम लावणं आणि काम सोपवणं हे कोऱ्या कागदावर शिकता येत नाही. ते अशाच गोंधळात शिकावं लागतं, आणि नवीन इन्चार्जला बहुतेक वेळा कोणी शिकवत नाही. चांगलं काम करणाऱ्या सिस्टरला एक दिवस सांगतात, उद्यापासून शिफ्ट तू बघ. मग ती स्वतःची सगळी कामं करून वर सगळ्यांची कामं करायला जाते आणि महिनाभरात थकून जाते.

ओव्हर घेतानाच क्रम लागायला हवा

ओव्हर घेताना प्रत्येक पेशंटचं सगळं लिहून घेऊ नका. ते फाईलमध्ये आहेच. एका कागदावर खाट नंबर, निदानाचे दोन शब्द, आणि पुढे फक्त तीन गोष्टी: या पेशंटचं काय बिघडू शकतं, घड्याळाला बांधलेलं काम कोणतं, आणि कशाची वाट पाहतोय (रिपोर्ट, ओटी, डॉक्टरांचं उत्तर, डिस्चार्ज). बहुतेक ओळी जवळपास रिकाम्या राहतील. तसंच हवं, म्हणजे भरलेल्या ओळी डोळ्यांत भरतात.

जाणाऱ्या इन्चार्जला शेवटी एक प्रश्न जरूर विचारा: "आज तुला कोणाची काळजी वाटतेय?" चार्टवर सगळं ठीक असताना एखाद्या सिस्टरच्या मनात खटकलेलं असतं. "काही नाही गं, पण २२ नंबरचा रंग मला आवडला नाही." हे वाक्य कुठल्याच रकान्यात बसत नाही, म्हणून मुद्दाम विचारल्याशिवाय बाहेर येत नाही.

मग एक फेरी, रिकाम्या हातांनी

ओव्हरनंतर लगेच वॉर्डातून एक फेरी. हातात ट्रे नको, इंजेक्शन नको. एकदा हातात काम आलं की डोळे त्या कामापुरतेच बघतात. प्रत्येक खाटेपाशी अर्धा मिनिट पुरतो: चेहरा, श्वास, बोलणं, सलाईनची लाइन, नळ्या, युरोबॅग (लघवीची पिशवी), ड्रेसिंगवर ओल आहे का, खाटेचे कठडे वर आहेत का.

श्वासाकडे खास लक्ष द्या. तब्येत बिघडताना श्वासाची गती बऱ्याचदा बीपीच्या आधी बदलते, आणि चार्टवर सगळ्यात जास्त अंदाजाने लिहिला जाणारा आकडाही तोच. ओळीने सगळ्या पेशंटना "२०" लिहिलेलं दिसलं, तर कोणी मोजलेलं नाही हे समजा. नाडी बघत असल्यासारखा हात धरायचा, नजर छातीवर ठेवायची आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. आपण श्वास मोजतोय हे पेशंटला कळलं की त्याचा श्वास बदलतो.

क्रम लावायचा प्रश्न

प्रत्येक कामाला विचारा: हे अर्ध्या तासाने केलं तर काय होईल? कोण किती मोठ्याने मागतंय आणि काम किती पटकन उरकेल, या दोन गोष्टी आपल्याला सतत ओढत असतात, पण क्रम त्यांनी ठरत नाही.

आता आजोबांकडे या. स्टुडंटने व्हायटल्स घेतले: श्वास २४, ऑक्सिजन ९३ टक्के, नाडी १०४, वरचं बीपी १०८, ताप १०० फॅरेनहाइट. एकेक आकडा पाहिला तर कोणीही "बघू, तासाभराने परत घेऊ" म्हणेल. पण ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेला आणि २०१७ मध्ये सुधारलेला न्यूज-२ हा स्कोअर लावून बघा. श्वासाचे २, ऑक्सिजनचे २, बीपीचा १, नाडीचा १, तापाचा शून्य, आणि नव्याने आलेल्या गोंधळाचे ३. बेरीज ९. या पद्धतीत ५ झाले की डॉक्टरांनी तातडीने बघायचं, आणि ७ किंवा जास्त झाले की ती इमर्जन्सी. आवाज न करता बिघडणारा पेशंट तो हाच. वयस्कर माणूस अचानक गोंधळला तर "वय झालंय" म्हणून सोडून द्यायचं नाही. श्वास, ऑक्सिजन, शुगर आणि इन्फेक्शन, चारही बघायचं.

तुमच्या वॉर्डात कोणताही स्कोअर वापरत नसतील, तरी क्रम तोच. श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध. यातलं काही डगमगत असेल तर बाकी सगळं थांबतं.

दुसऱ्या पायरीवर घड्याळाची कामं. सगळ्या औषधांना सारखी घाई नसते. औषधांच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्या आयएसएमपी या अमेरिकी संस्थेने २०११ मध्ये याची नीट विभागणी करून दिली. ज्यांना उशीर झाला तर अपाय होतो ती औषधं ठरलेल्या वेळेच्या आगेमागे अर्ध्या तासात. दिवसातून अनेकदा द्यायच्या, पण चार तासांपेक्षा वारंवार नसलेल्या इतर औषधांना आगेमागे एक तास चालतो. दिवसातून एकदाच्या औषधांना दोन तास. तुमच्या हॉस्पिटलची यादी वेगळी असेल तर ती पाळा. पण यादी असणं गरजेचं आहे, नाहीतर सहा वाजता व्हिटॅमिनची गोळी आणि जेवणाआधीचं इन्सुलिन एकाच रांगेत उभं राहतं.

११ नंबरचं अँटिबायोटिक याच पायरीवर येतं, आणि वरच्या टोकाला. सेप्सिसची, म्हणजे इन्फेक्शनमुळे अवयव बिघडायला लागल्याची, दाट शंका असेल तर पहिला डोस तासाभरात जायला हवा. कल्चरचं (जंतू ओळखायच्या तपासणीचं) रक्त शक्यतो डोसाआधी घ्यावं, पण त्यासाठी डोस अडवून ठेवू नये. रक्ताची पिशवीही घड्याळाचीच: फ्रीजमधून बाहेर आली की अर्ध्या तासात लावायची, चार तासांत संपवायची, आणि पहिली पंधरा मिनिटं पेशंटजवळून हलायचं नाही. म्हणून पिशवी मागवण्याआधी स्वतःला विचारा, ही पंधरा मिनिटं आत्ता माझ्याकडे कोणाची आहेत? उत्तर नसेल आणि पेशंट थांबू शकत असेल, तर पिशवी अर्ध्या तासाने मागवा.

ओटीतला पेशंट रिकव्हरीत नजरेखाली आहे, दहा-पंधरा मिनिटं थांबू शकतो, पण "पंधरा मिनिटांत येतो" हे फोनवर सांगून टाकायचं. ७ नंबरचं सलाईन दोन मिनिटांचं काम, जो जवळून जातोय त्याने करावं. मात्र त्या बाटलीत काय आहे हे आधी विचारा. साधं सलाईन असेल तर ठीक. बीपी टिकवणारं औषध चालू असेल तर ती बाटली संपू देणं म्हणजे इमर्जन्सी ओढवून घेणं. ४ नंबरच्या मुलाला मात्र काम होण्याआधी एक वाक्य हवं: "तुमचे कागद अपूर्ण आहेत ते मला माहीत आहे, तीन वाजता मी स्वतः तुमच्याशी बोलते." आणि तीन वाजता खरंच जायचं.

आता तिसरी पायरी, जिच्याकडे मला सगळ्यात जास्त लक्ष वेधायचंय. उशीर झाला तरी लगेच काही बिघडत नाही अशी कामं: कूस बदलणं, पेशंटला चार पावलं चालवणं, तोंड स्वच्छ करणं, वेळेवर भरवणं, इनटेक-आउटपुट (पोटात किती गेलं, बाहेर किती आलं) लिहिणं, घरी गेल्यावर काय करायचं ते समजावणं, धीर देणं. बिएट्रिस कॅलिश या नर्सिंगच्या संशोधिकेने २००६ मध्ये परिचारिकांशी बोलून, कोणती शुश्रूषा नेहमी राहून जाते याची नोंद केली. तिची यादी जवळपास हीच आहे. ही कामं रोज तिसऱ्या पायरीवर असतात, म्हणून रोज राहतात, आणि चौथ्या दिवशी माकडहाडावर जखम दिसते. उपाय साधा आहे: यांनाही वेळ लावून द्या. "जमेल तसं कूस बदला" असं म्हटलं की ती बदलली जात नाही. "२, ४, ६, ८ वाजता, ९ आणि १४ नंबर, मावशी आणि स्टुडंट मिळून" असं ठरवलं की बदलली जाते.

शेवटी आज केलीच नाहीत तरी चालतील अशी कामं. कपाटाची आवराआवर, जुनी रजिस्टरं, स्टॉकची महिन्याची मोजणी. गर्दीच्या शिफ्टला ती उघडपणे बाजूला ठेवा आणि सगळ्यांना सांगा की ठेवली आहेत. नाहीतर एखादी मन लावून काम करणारी सिस्टर ऐन धावपळीत कपाट लावत बसते. इमर्जन्सी ट्रॉली, ऑक्सिजन आणि सक्शन (घशातला स्राव ओढून काढायचं यंत्र) तपासणं मात्र यात येत नाही. ते शिफ्टच्या पहिल्या अर्ध्या तासात, कितीही गर्दी असली तरी.

पेशंट वाटून देताना

१ ते ९ तू, १० ते १८ ती, उरलेले तिसरी. ही वाटणी सोपी दिसते, पण भार समान होत नाही. खाटेला खिळलेले तीन पेशंट आणि एक रक्त चालू असलेला पेशंट एकीच्या वाट्याला, आणि उद्या घरी जाणारे चौघे दुसरीकडे, असं सहज घडतं. आधी जड पेशंट वेगळे काढा आणि ते वाटा, मग बाकीचे. काल ज्या सिस्टरकडे पेशंट होता तिच्याकडेच आज गेला तर उत्तम, तिला बदल लवकर कळतो. संसर्गाचा पेशंट आणि प्रतिकारशक्ती खालावलेला पेशंट शक्यतो एकाच सिस्टरकडे नकोत. खाटाही फार लांब लांब नकोत, निम्मी शिफ्ट चालण्यात जाते.

नवीन सिस्टरला सोपे पेशंट द्यावेत हे खरं, पण कायम नाही. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये मांडलं की परिचारिका नवख्यापासून तज्ज्ञापर्यंत पाच टप्प्यांतून जाते, आणि प्रत्यक्ष अनुभवाशिवाय पुढचा टप्पा येत नाही. म्हणून एक थोडा अवघड पेशंट नवीन सिस्टरला द्यायचा, आणि शेजारच्या खाटा सीनियर सिस्टरला. विचारायला माणूस हाकेच्या अंतरावर असतो.

स्वतःकडे पेशंट घेऊ नका. घ्यावेच लागले तर थोडे आणि स्थिर घ्या. "मी पण काम करते" हे दाखवण्यासाठी सगळ्यात जड पेशंट स्वतःकडे ओढणाऱ्या इन्चार्ज मी पाहिल्यात, मीही तशीच होते. मन मोठं असतं, पण मग वॉर्डावर नजर कोणाची? लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचा अभ्यास करून दाखवलं की ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या बाबतीत एका परिचारिकेमागे एक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. हा आकडा आपल्याला रडवायला नाही, पण माणसं कमी असतील तेव्हा मेट्रनला किंवा सुपरवायझरला फोन करताना आवाज ठाम ठेवायला उपयोगी आहे. फोन करा, किती पेशंट, किती जड, किती सिस्टर, ते सांगा, आणि किती वाजता सांगितलं हे रजिस्टरला लिहा. मदत मिळाली नाही तरी लिहा.

काम सोपवताना

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक नाइट ड्युटी. सर्जिकल वॉर्ड, १२ नंबरला पोटाचं ऑपरेशन झालेला साठ किलोचा माणूस. मी मावशींना सांगितलं, "१२ नंबरची बॅग रिकामी करून ठेवा." त्यांनी रात्रीत दोनदा जाऊन पाहिलं. पहाटे पाचला मी चार्ट भरायला घेतला तर आउटपुटचा रकाना कोरा. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "बॅगेत काही नव्हतंच सिस्टर, रिकामी करायला. म्हणून नाही सांगितलं."

नळी कुठे दबलेली नव्हती. लघवीच तयार होत नव्हती. साठ किलोच्या माणसाला तासाला निदान ३० मिली यायला हवी, म्हणजे किलोमागे अर्धा मिली. आत रक्तस्राव होत होता आणि सकाळी त्याला परत ओटीत घ्यावं लागलं. तो बरा होऊन घरी गेला, पण ते चार तास माझ्या डोक्यातून गेलेले नाहीत. मावशींनी मी सांगितलं ते चोख केलं होतं. मी सांगितलं होतं चुकीचं. बॅग रिकामी करणं हे मला नको होतंच, मला लघवी किती आली ते हवं होतं.

त्या दिवसापासून मी काम देताना पाच गोष्टी बोलते. कोणतं काम, कोणाचं, किती वाजेपर्यंत, काय दिसलं तर मला लगेच सांगायचं, आणि सगळं ठीक असलं तरी किती वाजता येऊन सांगायचं. ते असं:

"मावशी, १२ नंबरच्या बॅगेतली लघवी दर तासाला मापात मोजायची आणि या कागदावर आकडा लिहायचा. ३० पेक्षा कमी आली, लाल आली किंवा आलीच नाही, तर मी कुठेही असले तरी येऊन सांगायचं. काही नाही आली तरी ती खबर आहे. सगळं ठीक असलं तरी दोन वाजता मला आकडे दाखवा. कधी सांगायचं मला?"

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. "कळलं ना?" विचारलं की सगळे "हो" म्हणतात. "कधी सांगायचं?" विचारलं की मावशी स्वतःच्या तोंडाने म्हणतात, "तीसच्या खाली, नाहीतर लाल," आणि कुठे गैरसमज झालाय ते तिथेच दिसतं. मावशींना मराठी आकडे सोपे पडत असतील तर मराठी आकडे, मापावर खूण हवी असेल तर चिकटपट्टी लावून खूण. मावशींचं शिक्षण कमी असेल, पण वर्षानुवर्षांची नजर असते. त्यांच्याशी आदराने बोला, त्या तुम्हाला चार गोष्टी जास्त सांगतील.

काय सोपवायचं याला मर्यादा आहेत. तपासून अर्थ लावणं सोपवता येत नाही. मोजणं सोपवता येतं, "यात काळजीचं काही आहे का" हे ठरवणं सिस्टरचंच. ओटीतून आलेल्या पेशंटचे पहिले व्हायटल्स, नवीन ॲडमिशनची पहिली तपासणी, रक्त लावणं, पेशंटला औषध समजावून सांगणं हे सिस्टरचं. इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम यांसारखी औषधं दोन सिस्टरनी वेगवेगळी तपासून. स्टुडंट ही कामं सिस्टरच्या देखरेखीखाली करू शकते, एकटी नाही. आंघोळ, कूस, भरवणं, चालवणं, स्थिर पेशंटचं टीपीआर (ताप, नाडी, श्वास), सॅम्पल पोचवणं, पेशंट हलवणं ही कामं शिकवलेल्या मदतनिसाला देता येतात. तुमच्या हॉस्पिटलने आणि तुमच्याकडच्या नर्सिंग कौन्सिलने काय लिहून ठेवलंय ते एकदा बसून वाचा. शंका असेल तर देऊ नका.

एक बारकावा: काम तेच, पण पेशंट बदलला की उत्तर बदलतं. भरवणं मावशींचं काम, पण पक्षाघातानंतर गिळताना ठसका लागणाऱ्या पेशंटला भरवणं मावशींना एकट्याने द्यायचं नाही. अमेरिकेतली नर्सिंग मंडळं सोपवण्याचे पाच निकष सांगतात: काम योग्य, परिस्थिती योग्य, माणूस योग्य, सूचना योग्य, देखरेख योग्य. माझ्या अनुभवात पहिले तीन आपण सहज पाळतो. घोळ होतो तो सूचना आणि देखरेखीत, १२ नंबरला झाला तसा. काम दुसऱ्याने केलं तरी त्याचं उत्तर मलाच द्यायचंय, म्हणून त्याची खबर माझ्यापर्यंत परत यायलाच हवी. खबर आली की माझ्या कागदावर त्या ओळीवर बरोबरची खूण. खूण नसलेलं काम मी झालेलं धरत नाही.

आता त्या पाच कामांची वाटणी. मी आणि स्टुडंट आजोबांपाशी. खाटेचं डोकं वर, ऑक्सिजन, शुगर, आणि सीनियर सिस्टर आली की ती तिथे, मी फोनवर. ११ नंबर मधल्या सिस्टरकडे: "कल्चर घे, डोस लगेच, झाला की मला सांग." जाता जाता ७ नंबरची बाटली नवीन सिस्टरने बदलायची आणि मग मामांबरोबर ओटीला जायचं. ऑपरेशनचा पेशंट आणायला मामांना एकटं पाठवायचं नाही. मावशींनी तोवर खाट, ऑक्सिजन आणि सक्शन तयार ठेवायचं, सक्शन चालतंय का ते मी जाता जाता बघते. ४ नंबरला माझं एक वाक्य. हे सगळं ठरवायला आणि बोलायला दोन मिनिटं लागतात.

काम नाकारलं गेलं तर? "सिस्टर, मला जमणार नाही" यामागे तीन कारणं असतात: येत नाही, वेळ नाही, किंवा इच्छा नाही. विचारल्याशिवाय कळत नाही, आणि आपण नेहमी तिसरं गृहीत धरतो. नवीन मुलगी "मी रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) एकटीने टाकली नाही" म्हणाली तर तिचं कौतुक करा आणि सोबत उभ्या राहा. तिला टोमणा मारलात तर पुढच्या वेळी ती न सांगता करेल. उलट बाजूही बघा. प्रत्येक वॉर्डात एक सिस्टर असते जी कधी नाही म्हणत नाही, आणि प्रत्येक जादा काम आपोआप तिच्याकडे जातं. तुमच्या कागदावर तिचं नाव किती वेळा आलंय ते मोजा. वयाने आणि नोकरीने मोठ्या सिस्टरला काम सांगताना अवघडल्यासारखं होतं, तेव्हा कारण आधी सांगा: "ताई, १७ नंबर बिघडतायत, तुमचा हात तिथे हवाय, तुमचे दोन पेशंट मी बघते." बहुतेक ताई लगेच उठतात.

औषधांच्या ट्रॉलीपाशी कोणाला फिरकू देऊ नका

जोहाना वेस्टब्रुक यांनी २०१० मध्ये सिडनीतल्या दोन हॉस्पिटलांत ९८ परिचारिकांचा औषधं देतानाचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येक अडथळ्यामागे औषध देण्यातल्या चुका सुमारे १२ टक्क्यांनी वाढत होत्या. म्हणून सिस्टर औषधं काढत असताना तिला फोन, नातेवाईक, "जरा येतेस का" काहीही नको. ते अडवणं इन्चार्जचं काम. त्या वेळेत बेल मी किंवा स्टुडंट बघते, फोन मी घेते. मलाच तिला काही सांगायचं असेल तर कागदावर लिहून ठेवते, हाक मारत नाही.

डॉक्टरांना फोन करताना

फोन लावण्याआधी फाईल उघडी, ताजे व्हायटल्स समोर. एसबीएआर ही थोडक्यात माहिती सांगायची पद्धत मुळात अमेरिकी नौदलाच्या अणु-पाणबुड्यांवरून आली, आणि घाईत बोलायला तिच्याइतकं सोपं काही नाही. आत्ता काय झालं, आधीचं काय, मला काय वाटतं, मला काय हवंय.

"सर, मेल वॉर्डमधून इन्चार्ज बोलतेय. १७ नंबर, ७४ वर्षं, दुपारपासून गोंधळलेत, न्यूज स्कोअर ९. न्यूमोनियासाठी दोन दिवसांपूर्वी ॲडमिट, सकाळी स्कोअर २ होता. ऑक्सिजन ९३, श्वास २४, शुगर १३०. मला वाटतं इन्फेक्शन वाढतंय. तुम्ही दहा मिनिटांत येऊन बघा. तोवर ऑक्सिजन किती ठेवू, आणि कोणतं सॅम्पल घेऊ?"

सांगितलेली ऑर्डर परत वाचून दाखवायची. दहा मिनिटांत कोणी आलं नाही तर परत फोन, मग त्यांच्या वरच्या डॉक्टरांना. यात संकोच करू नका. नव्या इन्चार्जला इथेच सगळ्यात जास्त भीती वाटते, म्हणून वॉर्डात "कोणाला, किती वेळाने, नंतर कोणाला" याचा क्रम भिंतीवर लावून घ्या.

सगळे एकाच खाटेकडे धावतात तेव्हा

एखाद्या पेशंटचं हृदय बंद पडलं की वॉर्डातला प्रत्येक माणूस तिकडे धावतो. ते स्वाभाविक आहे. पण इमर्जन्सीची टीम आली की इन्चार्जने दोन पावलं मागे यायचं आणि उरलेल्या सत्तावीस पेशंटना मोजायचं. मोठ्याने, बोट दाखवून माणसं वाटा: "तू कॉम्प्रेशन (छाती दाबणं), तू औषधं, तू वेळ आणि नोंदी." जिच्याकडे काम नाही तिला परत पाठवा: "तू १० ते २८ बघ, रक्त कुठे चालू आहे ते आधी." स्टुडंटला नातेवाइकांजवळ एकटं सोडू नका, तिथे मोठी सिस्टर हवी. कोणी ना कोणी शेजारच्या खाटेचा पडदा ओढावा, त्या माणसाने सगळं पाहिलेलं असतं.

ते संपल्यावर पाच मिनिटं सगळ्यांनी स्टेशनवर थांबायचं, पाणी प्यायचं, आणि कागद नव्याने लिहायचा. दोन तासांपूर्वीचा क्रम आता उपयोगाचा नाही. तसंही दर दोन तासांनी एकदा तो कागद घेऊन प्रत्येक सिस्टरपाशी जावं, आणि "झालं का?" ऐवजी "काय अडलंय?" विचारावं. या प्रश्नाला खरं उत्तर मिळतं.

ओव्हर देताना

झालेली कामं सांगण्यात वेळ घालवू नका, राहिलेली आधी सांगा. कोणतं काम, का राहिलं, आणि आता ते किती घाईचं आहे. "१४ नंबरची सहाची कूस राहिली, आता पहिलं तेच करा." राहिलेलं लपवलं की पुढच्या शिफ्टला ते झालेलं वाटतं, आणि ज्या पेशंटचं काम दोन शिफ्टमध्ये राहिलं त्याला ते अंगावर भोगावं लागतं. दिलेली आणि अजून परत न आलेली कामंही सांगा: कोणतं सॅम्पल गेलंय, कोणता रिपोर्ट यायचाय, कोणत्या डॉक्टरांनी "येतो" म्हटलंय.

मग पुढच्या इन्चार्जला घेऊन १७ नंबरच्या खाटेपाशी चला. फाईल तिच्या हातात द्या, आजोबांना त्यांचं नाव विचारा, त्यांचं उत्तर दोघींनी ऐका, आणि तिच्यासमोर श्वास एक मिनिट मोजा.